एसटीत चढतं का?

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. घरी जाऊन, चहा घेऊन, मग निवांत लिहू म्हटलं तर निम्मं विसरून जाईन. म्हणून अंबडच्या बसस्टँडवर बाकावर बसूनच टाइप करून राह्यले. बॅग पायाशी आहे, बाबा गाडी घेऊन येतायत, ते येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर आत्ता जालन्याहून येताना एसटीत मी एक गोष्ट बघितली. पण ती नुसती सांगितली तर तुम्ही म्हणाल, बरं, मंग? मंग काही न्हाई. ती कळायची तर आधी मोमीन सर कळायला पाहिजेत. म्हणून आधी सर.

सरांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते एसटीचं दार मोजून राह्यलते. ह्याच स्टँडवर. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष त्या दिवशी सुरू होणार होतं. मी जालन्याची गाडी पकडायला धावत आले, तर दारात एक माणूस स्टीलची टेप घेऊन उभा. पांढरा फुल शर्ट, बाह्या दुमडलेल्या, काळी-पांढरी दाढी. टेपचं एक टोक पायरीवर बुटानं दाबलेलं, दुसरं वर धरलेलं, आणि मागं चढणाऱ्यांची ही गर्दी.

कंडक्टर म्हणाला, "ओ मास्तर, गाडी इकत घ्यायची का?"

"न्हाई भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "मला दारच पाहिजे."

मग त्यांनी दाराची रुंदी मोजली, दोन सीटमधली वाट मोजली, खिशात कागद सापडेना म्हणून आकडे तळहातावर लिहिले, आणि खिडकीशी बसून सगळ्या रस्त्यात स्वतःच्या हाताकडं बघत राह्यले. जसं काय स्वतःचंच भविष्य बघून राह्यलेत. मला वाटलं, बिचारा.

तोच बिचारा पहिल्या तासाला आमच्या वर्गात. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, विषय प्रोजेक्ट. त्या वर्षीच ते कॉलेजात नवीन आल्ते. नाव सांगितलं मोमीन, गाव सांगितलं अंबड, आणि तळहातावरचे आकडे फळ्यावर उतरवले.

"हा आपला सिलॅबस," म्हणाले. "तुम्ही जे काही बनवाल ते ह्या दारातून आत गेलं पाहिजे. आपल्याकडं मशीन न्यायला टेम्पो करून येणारा माणूस येत न्हाई. एसटीनं येणारा येतो. मंग तो घेऊन कशानं जाईल?"

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, आम्ही रोबोट करून राह्यलो."

"कर ना. त्याचं तिकीट काढ. पण चढला पाहिजे."

आता आमच्याकडं प्रोजेक्ट म्हणजे काय असतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं पोरं वर्षभर वेल्डिंग करत असतील. तसलं काही नसतं. प्रोजेक्ट तयार मिळतो. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, घेऊन यायचं. सोबत रिपोर्ट मिळतो, त्यात पहिल्या पानावरची नावं बदलायची. आमच्या आधीच्या बॅचनं सोलरवरचं गवत कापायचं यंत्र दाखवलं होतं, त्यांच्या आधीच्यांनीही तेच. माझा तर संशय होता की ते एकच यंत्र दरवर्षी रंग बदलून परीक्षेला बसतं.

आमचंही तेच ठरलेलं. आम्ही म्हणजे मी रेणुका, आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा गजानन, आणि समीना, जिला आकडेमोडीला कॅलक्युलेटर लागत न्हाई. तिघं सरांकडं गेलो. गजानन म्हणाला, "सर, आमची आयडिया पक्की झाली. सोलर ग्रास कटर."

सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. कॉलेजच्या मागं नुसता मुरूम. "गवत कुठंय?"

"पावसाळ्यात येतं सर."

"मंग कोण कापतं?"

"शेळ्या."

"त्यांची काही तक्रार?"

सर हसले न्हाईत. विनोद करताना ते कधीच हसायचे न्हाईत, त्यामुळं आपण हसायचं का न्हाई हे कळायला वेळ लागायचा. म्हणाले, "आयडिया नको बाळा. तक्रार आण. खऱ्या माणसाची, नाव-गावासकट. आणि ती तुझ्यासमोर झाली पाहिजे. तुझ्या मनानं लावलेली न्हाई."

पुढचा आठवडाभर अख्खा वर्ग जिल्हाभर तक्रारी गोळा करत फिरला. मी आणलेली तक्रार माझ्या आईची होती, की पोरगी घरात इकडची काडी तिकडं करत न्हाई. सर म्हणाले, "ही तक्रार बिलकुल बराबर आहे. पण मेकॅनिकलची न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत भेटले तर एवढ्या सगळ्या लोकांत, "काय, काडी हलली का?"

खरी तक्रार गजाननला मिळाली, आणि तीही घराशेजारीच. त्याच्या गल्लीतल्या मंदाकाकू मसाल्याचं काम करतात. मिरची घेतात, देठ खुडतात, भाजून कांडून मसाला विकतात. अंगणात चार बाया बसवून दिवसभर देठ खुडणं चालतं. त्या म्हणाल्या, "हाताची आग आग होती रे. तेल लाव, दही लाव, काही फरक न्हाई. दिवसभराची मी नातवाला जवळ घ्यायला जाते तर ते पोरगं रडतं. आता तर माझ्याकडं येईनाच. लांबून बघतं."

गजाननानं हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. सरांनी हातातला डबा बंद केला. "झालं," म्हणाले. "हे घ्या."

सर वर्कशॉपमध्ये शिकवायचे. शिकवायचे म्हणजे आम्ही करायचो आणि ते स्टुलावर बसून प्रश्न विचारायचे. आपण एकदम भारी काहीतरी जुळवलं की म्हणायचे, "बिलकुल बराबर. आता मोडा." मोडलं की, "कुठं मोडलं? मंग तिथं शिका." संध्याकाळी घरून फोन यायचा. हात ग्रीसनं भरलेले, फोन खांदा आणि कानात धरून ते उर्दूत सांगायचे, "हां, निकल गया, निकल गया. रास्ते में हूँ." आणि परत बेअरिंग ठोकायला लागायचे. त्यांच्या बायकोला हे माहीत असणार, कारण फोन ठेवताना सर दर वेळी म्हणायचे, "अच्छा, अब सच में निकलता हूँ."

आमचं यंत्र असं होतं. लाकडी पट्ट्यांचं एक आडवं पिंप, पट्ट्यांत बारीक फटी. आत वाळल्या मिरच्या टाकायच्या आणि हँडल मारून पिंप फिरवायचं. मिरच्या आत गडबडा लोळतात, देठ फटीतून बाहेर डोकावतो, आणि खाली उलटसुलट फिरणारे दोन रोलर त्याला धरून ओढून काढतात. कॉम्प्युटरवर तर ते इतकं सुंदर फिरायचं. लोखंडी अँगलची दणदणीत फ्रेम केली, रंग दिला, समीनानं त्यावर आमची तिघांची नावं काढली.

सरांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. "देखणं आहे. एसटीत चढतं का?"

मला वाटलं बोलायची गोष्ट आहे. न्हाई. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला यंत्रासकट जालना स्टँडवर घेऊन गेले. गजानन आणि मी दोन्हीकडून धरून दारापर्यंत नेलं, आणि ते दारात अडकलं. ना आत, ना बाहेर. आतली माणसं आत, बाहेरची बाहेर.

"ओ, हे काय ट्रॅक्टर हाय का?" कंडक्टर ओरडला.

एक म्हातारे बाबा आतून म्हणाले, "पोरी, मला उतरायचंय. ह्याला तरी घे न्हाईतर मला तरी सोड."

सर लांब रसवंतीपाशी उभे राहून बघत होते. यंत्र कसंबसं बाहेर ओढलं तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "जे दारातून जात न्हाई ते मशीन न्हाई, फर्निचर आहे. चला, रस घेऊ."

मी सरांवर त्या दिवशी इतकी चिडले होते की रस अर्धाच पिले. पण फ्रेम कापली. अँगलच्या जागी पाइप आले, पिंप वेगळं काढता येईल असं केलं, दोघांनी दोन भाग उचलायचे आणि पोचल्यावर चार नट आवळायचे. आता ते दारातून आरामात जायचं. त्याच कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडताना म्हटलं, "बारीक झालं की हो."

मग सरांचा दुसरा नियम सुरू झाला. यंत्र कॉलेजात ठेवायचं न्हाई. ज्याची तक्रार त्याच्या घरी ठेवायचं, आणि तो काय शिव्या देतो त्या घेऊन यायच्या. सर मार्क त्यावर द्यायचे. दर सोमवारी आल्या आल्या विचारायचे, "खाल्ल्या का?" नवीन माणसाला वाटेल नाश्त्याचं विचारून राह्यलेत.

मंदाकाकूंनी पहिल्याच दिवशी पोट भरेल एवढ्या दिल्या. "देठ राह्यला बाजूला, मिरचीचा चुराडा केला की रे. बी सगळं अंगणात. माझ्या बाया खोकून खोकून घरी गेल्या. कोण्या शहाण्यानं शिकवलं तुम्हाला हे?"

गजाननानं हळूच सांगितलं, "मोमीन सरांनी."

"त्येला आण एकदा."

आम्ही तोंड पाडून हे सरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा असा खुलला जसं काय बक्षीस लागलं. "थांब, थांब. चुराडा म्हणाली का तुकडे म्हणाली? शब्द बराबर सांग." चुराडा म्हणजे रोलर जास्त दाबून राह्यले. तुकडे म्हणजे फटीच्या कडा धारदार. सरांच्या हिशोबात प्रत्येक शिवीत एक माप होतं. मग आम्ही रोलरवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. पुढच्या वेळी काकू म्हणाल्या, "लई आवाज करतं, म्हसोबाला जाग येईल." त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, "ओल्या मिरचीला हे नखरे करतं." प्रत्येक वेळी आम्ही यंत्र सुटं करून एसटीत घालून आणायचो, वर्कशॉपमध्ये दुरुस्त करायचो, परत नेऊन ठेवायचो. शेवटी एका सोमवारी गजानन आला आणि म्हणाला, "सर, आज काहीच म्हणाल्या न्हाईत."

सर म्हणाले, "मंग आता धोका आहे."

आम्हाला तेव्हा काही कळलं न्हाई. कळलं ते तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी.

इथं माझं एक सांगायला पाहिजे. मला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, पण निकाल हातात पाहिजे होता. एकही विषय राह्यला तर नोकरी गेली. आणि नोकरी गेली तर मामानं आणलेलं एक स्थळ घरी तयार होतं. बाबांचं आणि माझं तसंच ठरलेलं. त्यांनी शब्द पाळला होता, मला शेवटपर्यंत शिकू दिलं होतं, आता मला पाळायचा होता. आणि नियम असा की तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार, यंत्र टेबलावर दिसलं पाहिजे. न्हाई दिसलं तर प्रोजेक्टमध्ये नापास.

आदल्या दिवशी सकाळी गजानन आणि मी यंत्र आणायला टेंभुर्णीला गेलो. अंगणात मिरचीचे ढीग, यंत्र गरागरा फिरतंय, एक बाई हँडल मारतेय, आणि मंदाकाकू चाळणीपाशी. म्हणाल्या, "न्यायला आला का? न्हाई देत."

"काकू, परीक्षा हाय उद्या," गजानन म्हणाला.

"असंल. माझा मसाल्याचा सीझन हाय. लगीनसराई, वर्षाचे मसाले, सगळ्या गावाच्या ऑर्डरी घेऊन बसले मी ह्याच्या भरवशावर. बायापण कमीच लावल्या. तुमची परीक्षा पुढं ढकला."

आता बघा आमची अक्कल. परीक्षा उन्हाळ्यात असते हे आम्हाला माहीत. मसाला उन्हाळ्यात करतात हे तर आमच्या आयांना, आज्यांना, सगळ्या जिल्ह्याला माहीत. अख्खं वर्ष मिरचीवर काम केलं, पण ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं न्हाई. गजाननानं पाया पडून बघितलं. काकूंनी आशीर्वाद दिला, यंत्र दिलं न्हाई.

आम्ही रिकाम्या हातानं वर्कशॉपमध्ये परत आलो. सर स्टुलावर. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मशीन कामावर गेलंय. चांगलं झालं."

आणि माझा तोल गेला. म्हटलं, "सर, चांगलं काय झालं? बाकीच्यांनी दुकानातून आणलेत, ते उद्या पास होतील. आम्ही तुमच्या शिव्या गोळा करत फिरलो आणि आम्ही नापास होऊ. माझी नोकरी जाईल सर. तुम्हाला काय, तुम्ही परवा परत एसटीचं दार मोजत बसाल."

समीनानं माझा हात धरला. सर हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "तू बराबर बोलून राह्यलीस. ही तक्रार आहे, नाव-गावासकट, आणि माझ्यासमोर झाली. घेतली मी." मग स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बस. आता हिच्यावर काम करू."

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. बाहेरगावचे, इस्त्रीचा शर्ट, घड्याळ बघत बोलणारे. आमचं टेबल शेवटचं आणि रिकामं. विभागप्रमुखांनी सरांना बाजूला घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं हळू सांगितलं की हे तुमच्या जबाबदारीवर. परीक्षक पहिल्या टेबलाकडं गेले. सोलर ग्रास कटर. दुसऱ्या टेबलाकडं गेले. सोलर ग्रास कटर, हिरवा. तिसऱ्या टेबलावर तोच, आणि त्यावर दुकानाचं स्टिकर काढायचं राह्यलेलं. परीक्षकांनी विचारलं, "ह्याची मोटर किती वॅटची?" पोरगा म्हणाला, "सर, जेवढी बसते तेवढी."

मग ते आमच्या टेबलाशी आले. "तुमचं कुठंय?"

मी तोंड उघडलं, पण सर आधी बोलले. "साहेब, ह्यांचं मशीन कामावर गेलंय. सुट्टी मिळाली न्हाई. ते येऊ शकत न्हाई, पण आपण जाऊ शकतो. तुमची गाडी खाली आहेच. परीक्षा तिथंच घ्या. न्हाई आवडलं तर तिथंच नापास करा, मी एक शब्द बोलणार न्हाई."

"असं कुठं असतं का?"

"नसतं," सर म्हणाले. "जेवण टेंभुर्णीत आहे. भाकरी, ठेचा."

परीक्षकांनी एकदा त्या हिरव्या ग्रास कटरकडं बघितलं. मग घड्याळाकडं. "चला," म्हणाले.

गाडीत पुढं परीक्षक, मागं सर, मी, गजानन आणि समीना, एकमेकांच्या मांडीवर. रस्ताभर सर गाडीच्या दाराकडं बघत होते. मला माहीत होतं ते मनात काय मोजतायत.

अंगणात पाय टाकला आणि परीक्षकांना पहिली शिंक आली. ती शेवटपर्यंत थांबली न्हाई. मंदाकाकूंनी इस्त्रीचा शर्ट बघितला आणि त्यांना वाटलं हा कंपनीचा माणूस. "बरं झालं आलात. ओ साहेब, हे झाकण बघा. उघडलं की हातावर आदळतं. आणि हे हँडल इतकं खाली कामून लावलं? कंबर मोडली माझ्या बाईची. धरा जरा हे पोतं."

परीक्षकांनी पोतं धरलं. धरल्या धरल्या मला विचारलं, "ह्या फटी एवढ्याच... आक्छी... रुंद का?"

"सर, रुंद केल्या तर आख्खी मिरची पडायची. काकू म्हणाल्या, देठ काढता का मिरच्या पेरता."

"रोलरला रबर?"

"नुसत्या लोखंडानं चुराडा व्हायचा."

"कोण म्हणालं?"

"काकूच."

त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडं एक उत्तर होतं आणि त्या उत्तरामागं एक शिवी होती. मला एकही गोष्ट आठवावी लागली न्हाई. समीनानं वेग-बिग सांगितला, गजाननानं चार नट काढून पिंप वेगळं करून दाखवायला घेतलं तर काकूंनी त्याच्या हातावर चापट मारली. "चालू मशीनला हात लावू नको."

शेवटी परीक्षकांनी नाक पुसत विचारलं, "काय बाई, चांगलं आहे का मग हे?"

"चांगलं कशाचं," काकू म्हणाल्या. "आत्ताच सांगितलं ना झाकणाचं." तेवढ्यात घरातून त्यांचा नातू धावत आला, चड्डी सावरत, आणि दोन्ही हात वर करून त्यांच्यापुढं उभा राह्यला. काकूंनी पदराला हात पुसले न पुसले आणि त्याला उचलून कडेवर घेतलं. त्यानं त्यांच्या गालावर गाल टेकवला. काकू आपल्या झाकणाबद्दलच बोलत राह्यल्या.

परीक्षकांनी विचारणं बंद केलं. सर माझ्याकडं बघून राह्यलते. मी सरांकडं बघू शकले न्हाई, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं होतं असं समजा.

आम्ही पास झालो. नुसतं न्हाई, चांगले झालो. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले, इथंच, अंबडला. त्यांच्या बायकोनं, शाहीन चाचींनी, शीरखुर्मा दिला आणि म्हणाल्या, "ये रेणुका है? वो दरवाजे वाली?" सर पेढा खात म्हणाले, "तुमचा निकाल लागला. मशीनचा लागायचाय."

"आता काय राह्यलं सर?"

"आपण पाठवलं म्हणून ते एसटीत चढलं. आपण न पाठवता चढेल, तेव्हा प्रोजेक्ट झाला."

मग मी चाकणला गेले. पुढं मेकॅनिकलला पोरं येईनाशी झाली, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे, म्हणून कॉलेजनं ती शाखाच बंद केली. सर लातूरकडं एका तंत्रनिकेतनात गेले. वर्कशॉप आता गोडाऊन आहे म्हणे. आमच्या बॅचनं त्यांना निरोपाला एक नवी स्टीलची टेप दिली होती. त्यांनी तिथल्या तिथं हॉलचं दार मोजलं आणि म्हणाले, "लहान आहे. बघा, शाखा बाहेर काढताना अडकेल."

आता आजचं.

जालन्याला कुंभार पिंपळगावच्या गाडीत बसले. अंबड वाटेतच आहे. गाडी सुटायला आली आणि दारात आरडाओरडा. एक बाई, सोबत तिचा नवरा, आणि त्यांच्या हातात निळ्या रंगाचं लाकडी पिंप आणि पाइपची फ्रेम. दोन भाग. एक तिनं धरलेला, एक त्यानं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे काय हाय?" ती म्हणाली, "लगेज फाडा आणि सरका." आणि ते पिंप त्या दारातून असं आत आलं, कुठं घासलंसुद्धा न्हाई.

मी जागची उठले. तिला माझी सीट दिली, उभीच राह्यले. विचारलं, "मावशी, कुठून आणलं हे?"

"टेंभुर्णीहून. माझ्या बहिणीच्या शेजारी मंदाबाई हाय, तिचं बघून तिथल्या वेल्डरकडून करून घेतलं. आमच्या पिंपळगावातपण मिरचीचं लई काम हाय."

पिंपावर आमची नावं नव्हती. फटी तेवढ्याच. रोलरवर सायकलची ट्यूब. झाकणाला बिजागरी नवीन होती, आदळू नये म्हणून चामड्याचा पट्टा लावलेला. तो आमचा न्हाई. तो कुणी लावला मला माहीत न्हाई.

"चांगलं चालतं का?" मी विचारलं.

"चालतं, बहिणीच्या अंगणात फिरवून बघितलं. पण हे हँडल बघ ना कसलं लावलं. फिरवताना सगळं अंग वाकडं करावं लागतं. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं ना, त्येला एकदा दिवसभर फिरवायला लावलं पाहिजे."

मी म्हटलं, "बरोबर आहे मावशी." आणि सरांना फोन लावला. गाडीचा खडखडाट, मी कान झाकून ओरडून राह्यले, सगळी गाडी माझ्याकडं बघतेय. मी सगळं सांगितलं. निळा रंग, दोन भाग, पट्टा, पिंपळगाव.

सर म्हणाले, "कंडक्टरनं लगेज फाडलं?"

"फाडलं सर."

"दारात अडकलं?"

"न्हाई."

पलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून शाहीन चाचींचा आवाज आला, "क्या हुआ जी?" आणि सर, आवाज जरा वेगळाच, त्यांना म्हणाले, "कुछ नहीं. पोरं पास झाली."

मग नाक ओढून मला म्हणाले, "शिव्या देती का ती?"

"देते सर. हँडलला."

"काय म्हणाली? शब्द बराबर सांग."

मी सांगितलं. सर म्हणाले, "अंग वाकडं करावं लागतं म्हणाली का? बघ बरं, ती तिकीट कोणत्या हातानं धरून राह्यली."

मी बघितलं. डाव्या. पाण्याची बाटली, डाव्या. खिडकी सरकवली ती डाव्या हातानं. आणि आम्ही हँडल उजवीकडं एकच लावलेलं, वर्षभर इतक्या शिव्या खाल्ल्या पण हे कुणी म्हणालंच न्हाई, कारण काकूंच्या अंगणात डावखुरं कुणी नव्हतंच.

"सर, हँडल दोन्हीकडं लावता येईल," मी म्हटलं. "दांडा आरपार करायचा फक्त."

"बिलकुल बराबर," सर म्हणाले. "मंग? नंबर घेतला का तिचा?"

घेतला. अंबडला उतरायच्या आधी घेतला. परवा पिंपळगावला चाललेय, गजानन टेंभुर्णीहून येतोय, समीनाला दांड्याचं माप काढायला लावलंय. सुट्टी चारच दिवसांची आहे आणि आईला अजून सांगायचंय की त्यातला एक गेला.

बाबा आले, हॉर्न वाजवून राह्यलेत. जाते. पण जाता जाता एक सांगा ना. तुमच्या हातून झालेलं काही, तुम्ही न पाठवता, तुम्हाला न विचारता, असं अचानक समोरून गाडीत चढलेलं तुम्ही कधी बघितलंय का? आणि बघितलं असेल तर तुम्ही फोन कुणाला लावला?